वैचारिक बैठक

मराठी समीक्षकाला काही शब्द वाडवडिलांच्या इस्टेटीसारखे आयते मिळतात. 'आशयगर्भ', 'अनुभूतीची सच्चाई', 'कलात्मक अलिप्तता' ही त्यातली सणासुदीला काढायची नाणी. पण अडीअडचणीला, म्हणजे पुस्तक वाचून व्हायच्या आत परीक्षण द्यायची वेळ आली की, हमखास चालणारे नाणे एकच : 'लेखकाची वैचारिक बैठक पक्की नाही.' या वाक्याला उत्तर नसते. कारण स्वतःची बैठक कोणाला बसल्या बसल्या दिसत नाही, आणि उठून पाहावे तर ती बैठक राहत नाही. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे मराठी शिकवले आणि तेवढीच वर्षे, जिथे जागा मिळेल तिथे, पुस्तकांची परीक्षणे लिहिली. तेवढ्या अवधीत निदान चाळीस लेखकांची बैठक मी कच्ची ठरवली असेल. त्यातले दोघे-तिघे अजूनही मला पाहिले की रस्ता ओलांडतात.

आणि ही सारी वर्षे माझी स्वतःची बैठक कुठे होती? एका जुन्या फियाटच्या ड्रायव्हर-सीटमधल्या खड्ड्यात.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, पण आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात. सुनेला लग्नानंतर कितीही नवे नाव ठेवले तरी माहेरचे लोक जुन्याच नावाने हाक मारतात, तसे. मूळ फियाट अकराशे. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून निघू लागली आणि १९७४ च्या सुमारास तिचे 'पद्मिनी' झाले. माझ्या गाडीने पस्तिशी केव्हाच ओलांडली आहे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि पुढे दोघांना मिळून एकच अखंड बाक. या बाकाचा उजवा कोपरा इतका खचला होता, की मी चालवायला बसलो म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला स्टिअरिंगच्या वर फक्त चष्मा आणि टोपी दिसे. शेजारी बसणारी आमची मंडळी मात्र चांगली चार बोटे वर. त्यामुळे वाटेत कोणी ओळखीचे भेटले की नमस्कार तिला करी आणि माझ्याविषयी "सर नाहीत का बरोबर?" असे विचारी.

यात गाडीचा दोष नाही, हे आधी सांगतो. सीट एकाच जागी का बसते याचे शास्त्र साधे आहे. माणूस गाडीत शिरताना आधी दाराकडच्या कडेवर आपटतो आणि मग आत सरकतो. उतरताना पुन्हा त्याच कडेवर सगळा भार टाकून उठतो. दिवसातून दहा वेळा म्हटले तरी वर्षाला साडेतीन हजारांवर आपटण्या होतात. आतली स्प्रिंग किती सोसणार? त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात बंद गाडी दुपारभर उभी राहिली की आत भाकरी शेकावी. त्या उन्हाने आणि आपल्या घामाने फोम आधी पिवळा पडतो, मग कडक होतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. हा फोम ज्या रसायनापासून होतो ते पॉलियुरेथेन जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधून काढले. नांदेडचा मे त्यांनी पाहिलेला नव्हता.

आता समीक्षकाच्या भूमिकेतून एक प्रश्न विचारतो. आपल्याकडे गाडीची चर्चा एवढी होते. पण जिच्यावर बसून ती चालवायची त्या सीटबद्दल कोणी एक अवाक्षर काढल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? "ॲव्हरेज काय देते?" हा पहिला प्रश्न. "कितीला पडली?" हा दुसरा. तिसरा प्रश्न नसतोच. माझ्या मते याचे मूळ आपल्या समाजरचनेत आहे. ॲम्बॅसिडर आठवा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती उत्तरपाड्याला निघत होती. तिची मागची सीट म्हणजे दिवाणखाना. कारण मालक मागे बसणार, हे गृहीतच. पुढे बसायचा तो पगारी ड्रायव्हर. त्याच्या पाठीची चिंता करायला त्याची बायको समर्थ होती. आमच्या नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. त्यामुळे खुर्ची या विषयात इथल्या शेंबड्या पोरालाही गती आहे. सरकारी ॲम्बॅसिडरच्या मागच्या सीटवर पसरलेला पांढराशुभ्र टर्किश टॉवेल आम्ही भक्तिभावाने पाहिलेला आहे. ड्रायव्हरच्या सीटवर तसा टॉवेल पसरलेला कोणी पाहिला? तिथे फार तर त्याचा स्वतःचा गमछा.

पुढे तुमच्या-माझ्यासारख्या मध्यमवर्गीयाने गाडी घेतली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि ज्याची गाडी त्यानेच ती चालवायची, अशी रीत रुळली. मालक मागच्या दिवाणखान्यातून उठून पुढे आला, आणि बसला कुठे? नोकराच्या जागी. पण आपण मालक आहोत या समाधानात जागा कशी आहे हे पाहायचे राहूनच गेले. गाडी घेतली त्याच दिवशी त्याने सीटला कव्हर घातले. त्या कव्हरवर टॉवेल, टॉवेलवर बायकोने विणलेली पट्टी. खाली काय चालले आहे हे दिसू नये, यासाठी जेवढे करता येईल तेवढे केले आणि त्याला 'गाडी नीट ठेवणे' असे नाव दिले.

मीही तेच केले. खड्डा पडला तेव्हा आधी उशी घेतली. उशी घसरू लागली तेव्हा कव्हर आणि सीट यांच्यामध्ये काहीतरी सपाट, टणक घालावे असे ठरले. घरात सपाट आणि टणक वस्तूंचा एकच साठा होता : 'अभिप्रायार्थ सप्रेम भेट' आलेली पुस्तके. त्यातली चार घातली. अनुभवाने सांगतो, या कामाला कवितासंग्रह उत्तम. पातळ असतात आणि एकसारखे बसतात. कादंबरी मध्येच उंच होते आणि वळणावर टोचते. एका आत्मचरित्राचा प्रयोग करून पाहिला. पण ते फारच फुगलेले निघाले.

असे दोन-तीन वर्षे चालले, आणि मग कंबर बोलू लागली. लातूरला दर पंधरा दिवसांनी माझी फेरी असते. तिथे माझी थोरली बहीण, अक्का, एकटीच राहते. दाजी गेल्यापासून तिचे बाहेर पडणे म्हणजे माझी फियाट. मी गेलो की सिद्धेश्वराचे दर्शन, मग गंजगोलाईला एक फेरी आणि मनात आले तर औशापर्यंत चक्कर. ऐंशी वर्षांच्या बाईला रिक्षात चढता येत नाही, पण फियाटच्या बाकावर ती स्वतःची स्वतः बसते. एका फेरीत लोहा गेले आणि माझ्या उजव्या पायात मांडीपासून घोट्यापर्यंत वीज चमकली. अहमदपूरला थांबून चहा घेतला, चाकूरला थांबून बाम लावला आणि लातुरात शिरलो तो थेट डॉक्टरांकडे. त्यांनी फोटो काढला, माझ्याकडे पाहिले, मग खाली जाऊन माझ्या गाडीकडे पाहिले. (असा डॉक्टर जपावा.) म्हणाले, "सर, तुम्ही एका बाजूला कलून बसता. कमरेखाली आधार नाही आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा सरळ मणक्यात. एक तर सीट बदला, नाहीतर गाडी सोडा."

पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवर दुसरा पर्याय तत्काळ मंजूर केला. "बाबा, गाडी भंगारात द्या. एसटीने जा." एसटीने मी लातूरला पोचेन हो, पण अक्का सिद्धेश्वराला कशी पोचेल? हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि मीही बोललो नाही.

मग मी पुस्तके उघडली. म्हणजे सीटखालची नव्हे, दुसरी. बेंग्ट ओकरब्लूम नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९४८ साली उभे राहणे आणि बसणे या विषयावर अख्खा प्रबंध लिहून ठेवला आहे. बसलेल्या माणसाच्या कमरेच्या पोकळीला मागून आधार हवा, हे त्याने ठासून मांडले. पुढच्या संशोधकांनी हादरेही मोजले. सेकंदाला साधारण चार ते आठ या वेगाने बसणारे हादरे बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जास्त हलवतात, म्हणून सीटच्या स्प्रिंगने आणि भरावाने ते आपल्यापर्यंत येण्याआधीच पचवायचे असतात. थोडक्यात, सीट म्हणजे मऊपणा नव्हे. जिथे हवा तिथे आधार आणि जिथे हवे तिथे देणे, असा तो तोल आहे. समीक्षेची व्याख्या म्हणूनही हे वाक्य खपेल.

नांदेडच्या बाजारात सीटची चौकशी केली. दुकानात कव्हरांच्या भिंतीच्या भिंती. लाल, काळे, बिस्किटी, वाघाच्या कातड्याचे. मी म्हटले, "कव्हर नको. आतली सीट दुरुस्त करायची आहे." म्हातारे मिस्त्री हसले. "साब, अब सीट कौन बनाता? सब कवर चढाते. अंदर का किसकू दिखता?" तीस वर्षे समीक्षा करून जे मला सुचले नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. तरी मी हट्टाने दोन इंची फोमचा तुकडा घेतला आणि घरी येऊन खड्ड्यावर ठेवून वरून कव्हर ओढले. पहिल्या दिवशी डोके टपाला लागले आणि गुडघे स्टिअरिंगला. क्लचला पाय पोचेना. आठव्या दिवशी फोम खड्ड्यात शिरून खड्ड्याचाच झाला. सत्तेत गेलेल्या विरोधकाचे होते तसे.

पुढच्या फेरीला अक्का अंगणात उभी होती. मी गाडीतून उतरलो, म्हणजे दाराला धरून हप्त्याहप्त्याने बाहेर आलो. ती म्हणाली, "असा वाकडा का चालायलास रे?" मी सीटची कथा सांगितली. तिने दार उघडून सीटवर तळहात दाबला, गोधडी पाहतात तसा. "भर कमी नाही हिच्यात. बांधणी सुटलीय. वरून घालून काय उपयोग? उसव सगळी."

"अक्का, ही गोधडी नाही, गाडी आहे."

"माणूस बसतो ना हिच्यावर? मग गोधडीच."

पक्कड आणि पाने आणले. बोल्ट सोडवले, आणि भाचेनातवाने अख्खा बाक अंगणात आणून उलटा टाकला. खालून पंचवीस पैशांची तीन नाणी पडली. २०११ साली ती चलनातून गेली, आमच्या सीटखाली मात्र चालू होती. एक कंगवा, सुपारीची खांडे आणि एका गोळीचा कागद. मग कव्हर काढले आणि चार पुस्तके अंगणात पडली. अक्काने ती एकेक झटकली, पदराने पुसली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवली.

रेक्झिन सोडवताना एक जागा लागली. दोन विती लांब फाटलेली आणि काळ्या दोऱ्याने शिवलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरच्या आठवड्यात दाजी आणि मी याच गाडीतून धान्याची पोती आणि चादरी घेऊन तिकडे गेलो होतो. एका पोत्यात कोणीतरी विळे घातले होते. त्यातल्या एकाने रेक्झिन फाडले. आम्ही रात्री परत आलो ते कोणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. सकाळी उठून पाहिले तर अक्का दाभण घेऊन गाडीत बसली होती. तीस वर्षांत फोम गेला, गोणपाट गेले, स्प्रिंगा गेल्या. तो टाका जागचा हलला नव्हता. मी ते रेक्झिन बदलायचे म्हणत होतो. मग म्हटले नाही.

आत थरावर थर. पहिला फोम, तो हातात घेताच पिवळे पीठ झाला. त्याखाली काथ्याची गादी, दाराकडच्या बाजूला पापडासारखी चपटी. त्याखाली गोणपाट, जिथे मी बसतो नेमके तिथेच फाटलेले. आणि त्या भोकातून वर आलेल्या स्प्रिंगांनी काथ्या खालून खाल्लेला. सर्वांत खाली रोग सापडला. दाराकडच्या दोन स्प्रिंगांचे आकडे चौकटीतून निसटले होते आणि एक स्प्रिंग मोडली होती. एवढेच. बाकी सगळे त्याचे परिणाम. मी दोन-तीन वर्षे परिणामांवर पुस्तके ठेवत होतो.

दोन दिवस काम चालले. चौकट पॉलिशपेपरने घासली आणि गंजाला तांबडा रेडऑक्साइड फासला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातले सहा मी त्या दिवशी पायाखाली घातले. गोणपाट, सुतळी, दाभण, गादीवाल्याकडून रबर मारलेल्या काथ्याचा पत्रा आणि चाळीस डेन्सिटीचा फोम. मोडक्या स्प्रिंगची जोडीदारीण भंगारात एका सोफ्यातून मिळाली. निसटलेले आकडे चौकटीत बसवून तोंडे आवळली. मग अक्काने सांगितल्याप्रमाणे सगळ्या स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधल्या. "एकीवर भार पडला की शेजारणीनं घ्यायला पाहिजे," ती म्हणाली. त्यावर दुहेरी गोणपाट ताणून शिवले. मग काथ्या, मग फोम. फोम खड्ड्यापुरता नाही, पूर्ण बाकाला एकसंध. नाहीतर जोडावर पुन्हा सांधा बसतो. आणि हे सगळे थर अक्काने गोधडीसारखे आरपार टाके घालून एकजीव केले, म्हणजे कोणताही थर सरकायला नको. मी दाभण ओवून द्यायचो. तेवढ्यासाठी लागणारी माझी वैचारिक पात्रता तिला पुरेशी वाटली.

रेक्झिन मात्र पुरेना. आक्रसले होते. तेव्हा ते तासभर लातूरच्या उन्हात टाकले. कातड्यासारखे मऊ झाले, आणि दोघांनी ओढून ते चौकटीखाली घट्ट अडकवले. ज्या उन्हाने फोम मारला त्यानेच शेवटी रेक्झिन बसवून दिले.

संध्याकाळी मी ओट्यावर पाठ टेकून पडलो होतो. अक्का चौथी शिकलेली आहे. पण हाती लागलेला कागद वाचल्याशिवाय टाकत नाही. ती सीटखालच्या चारांतला एक कवितासंग्रह घेऊन बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चांगलं लिहिलंय रे पोरीनं. विहिरीवरचं वाचून माझी माय आठवली. तू काय लिहिलं होतंस हिच्याबद्दल?"

मला आठवत होते. "वैचारिक बैठक पक्की नाही," मी म्हणालो.

"वाचलं होतंस का?"

मी उत्तर दिले नाही. 'दोन-तीन वर्षे बसलो होतो त्यावर' हे उत्तर खरे होते, पण थोरल्या बहिणीला द्यायचे नव्हते.

आता दुरुस्त सीटचे परीक्षण. गुण : बाक दोन्हीकडे सारखा, कमरेला आधार, खड्ड्यातून गेल्यावर हादरा मांडीपर्यंत येऊन थांबतो. दोष : डाव्या बाजूला सोफ्याची स्प्रिंग वळणावर 'कुईं' करते. दाराकडची कड किंचित फुगीर झाली आहे. टाके दिसत नाहीत, पण हाताला लागतात. डॉक्टरांनी तपासून 'चालवा, पण दर तासाला उतरून चार पावले चाला' असा सशर्त अभिप्राय दिला. एकूण निर्मिती प्रामाणिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला सिद्धेश्वराला नेऊन आणले. नेहमीप्रमाणे ती आपली आपण चढली, आपली आपण उतरली. मग मी नांदेडला निघालो. गाडीत बसून आरशात पाहिले तर मागचा रस्ता दिसेना; दिसत होते ते माझेच कपाळ. आरसा खड्ड्यात बसलेल्या माणसासाठी लावलेला होता. तो वर केला. समोर पाहिले तर बॉनेट दिसले, टोकापर्यंत. इतकी वर्षे लातूर-नांदेड रस्ता मला सारखा चढाचा वाटायचा. तो तसा नाही.

कवितासंग्रह शेजारी बाकावर होता, जिथे आमची मंडळी बसते त्या जागी. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा तो उघडला. अक्का म्हणाली ती विहिरीवरची कविता एकविसाव्या पानावर आहे. त्या कवयित्री हल्ली मला पाहून रस्ता ओलांडतात. यापुढे दिसल्या तर मीच ओलांडून जाईन म्हणतो. कमरेची आता तशी काही हरकत नाही.